घेऊ नयेत ती नावं

कोक-जार, १० ऑक्टोबर

लाडक्या एर्के,

तू फोन उचलत नाहीस. नको उचलूस, माझंही काही अडत नाही. शेजारची दामिरा तुमच्या येकातेरिनबुर्गला कामावर परत निघालीय, तिच्या पिशवीत हे पत्र आणि वाळवलेल्या दह्याचे कुरुतचे गोळे कोंबतेय. पत्र फाडशील, पण कुरुत चघळशीलच. चघळता चघळता एखादी ओळ नजरेखालून गेली तरी मला पुरे.

तुझं आणि तुझ्या दादाचं जे वाजलंय ते तुमचं तुम्ही बघा. वडिलांच्या मातीला आली नाहीस म्हणून त्याने या घरात तुझं नाव काढायचं नाही असं फर्मान सोडलं. मला काय फरक पडतो? मी सून म्हणून आले तेव्हापासून तुझं खरं नाव घेतलेलंच नाही. तू दोन वेण्या घालून शाळेत जायचीस तेव्हा तुला एर्के म्हटलं, म्हणजे लाडोबा, आणि पन्नाशी ओलांडलीस तरी एर्केच आहेस. सासरच्या माणसांची नावं सुनेने तोंडातून काढायची नाहीत, कागदावरसुद्धा नाहीत, आणि मेलेल्यांची तर नाहीच नाही. नाव घेतलं की ती माणसं वळून बघतात, असं तुझ्या आईने, आपांनी, मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

आता कामाचं. दवाखान्यातली नोकरी संपली, पण मी हातावर हात ठेवून बसणारी नव्हे. बिश्केकच्या एका संस्थेने म्हातारपणी विसरायला होतं त्या आजाराचा अभ्यास काढलाय. त्यांना गावातली साठीपुढची माणसं हवीत, धडधाकटही हवीत आणि विसरायला लागलेलीही. थोड्या थोड्या दिवसांनी तपासणी, वर्षातून एकदा शहरात नेऊन डोक्याचा फोटो, आणि हे कित्येक वर्षं. औषध मिळणार नाही, पैसा मिळणार नाही, फक्त येत राहायचं. अशी माणसं गोळा करायची आणि गळू द्यायची नाहीत, हे माझं काम. सोपं वाटतंय? करून बघ! एकीला गाईची धार काढायची असते, एकीचा गुडघा दुखतो, एकीला वाटतं आम्ही रक्त विकतो.

आणि सुरुवातीलाच मी माती खाल्ली. आयपेरी नावाची तरुण डॉक्टर येते, गुणी पोर आहे. तिच्या प्रश्नांत आजची तारीख, देशाचा प्रमुख, असलं काहीबाही होतं. मीच शहाणपणा केला. म्हटलं, आमच्या म्हाताऱ्यांना तारखा कसल्या विचारतेस? घराण्यातले सात पिढ्यांचे बाप विचार, ते डोक्यात असले तर माणूस शाबूत. पहिल्या खेपेला सगळे पुरुषच होते, त्यांनी सात बाप घडाघडा म्हणून दाखवले. आयपेरी खूश, मी तिच्याहून खूश. दुसऱ्या खेपेला बायका आल्या. ही विचारतेय, "आजी, सासऱ्यांचं नाव?" आजी गप्प. "त्यांच्या वडिलांचं?" गप्प. "बरं, नवऱ्याचं तरी?" आजीने ओढणी तोंडावर घेतली. मी बाहेर चहाचं बघत होते. संध्याकाळी कळलं की पोरीने सगळ्यांना शून्य देऊन टाकलंय. एका दिवसात अख्ख्या गावाच्या बायका वेड्या ठरल्या, आणि माझ्यामुळे!

फक्त वरच्या आळीतल्या कालिपाला पैकीच्या पैकी. ती हसत हसत सासऱ्याचं नाव बोलली, मग थोरल्या दिराचं, मग नवऱ्याचं. मला हे कळलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. कारण कालिपा गेल्या वर्षीपर्यंत नवऱ्याला "अहो, ऐकलं का" असंच हाकारायची. नीट तपासलं तर बाकी सगळ्या ठणठणीत आणि कालिपाच आजारी निघाली. बघ, आमच्याकडे सगळं उलटं. जी नाव घेत नाही ती शाबूत. जी घेते तिच्या आतलं काहीतरी सुटलंय.

आपासुद्धा अभ्यासात आहेत. पण नियम असा की प्रत्येकाबरोबर एक सोबती हवा, ज्याने त्या माणसाला खूप वर्षं जवळून पाहिलंय, जो काय बदललं ते खरंखरं सांगेल. मी संस्थेची माणूस, माझं सांगणं चालत नाही. तुझा दादा म्हणतो, "मी ट्रक चालवू की आईची परीक्षा देऊ?" सोबती मिळाला नाही तर आपांचं नाव कमी करतील. एर्के, तू ये. दादाशी बोलू नकोस हवं तर, भिंतीशी बोल, पण ये.

आपा बऱ्या आहेत. थोडं इकडेतिकडे होतं, वयाला तेवढं चालायचंच.

तुझी वहिनी,
बुरुल


कोक-जार, १४ नोव्हेंबर

लाडक्या एर्के,

दामिराने सांगितलं, कुरुत घेतलेस आणि पत्र कोटाच्या खिशात घातलंस. फाडलं नाहीस ना? मग ऐक. मागच्या वेळी मी एक गोष्ट लपवली.

ते पत्र लिहायच्या आधीच्या गुरुवारी मी नेहमीसारखं तेल तापवून कणकेचे बोर्सोक तळत होते, गेलेल्यांना वास पोचावा म्हणून. आपा मानाच्या जागेवर बसल्या होत्या. एकदम उठल्या, ओढणी सारखी केली, दाराकडे सरकून बसल्या आणि त्या रिकाम्या जागेकडे बघून एक नाव बोलल्या. स्वच्छ, खणखणीत. आपण ज्यांना "घोड्यांवाले" म्हणतो ना, सातव्या पिढीतले, त्यांचं. पुढे म्हणाल्या, "या, बसा. थंडीतून आलात."

मी झारा हातात धरून तशीच उभी. आपांनी माझ्याकडे बघितलं. "तोंड काय बघतेस सूनबाई? पाहुण्यांना चहा दे."

दिला. काय करणार? पेला रिकाम्या जागेपुढे ठेवला, फार भरला नाही, मानाच्या पाहुण्याला अर्धाच भरतात तसा. सकाळी पेला रिकामा होता. आपांनीच प्यायला असेल.

दुसऱ्या गुरुवारी त्यांच्या मुलाचं नाव आलं, त्या लंगड्यांचं. मग मी तेल तापवणं बंद केलं, तर आपांनी स्वतःच कढई चढवली आणि पुढचं नाव घेतलं. पुढचं, एर्के. पिढी सोडली नाही, क्रम चुकला नाही. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण ही नावं अशी येतात!

इकडे गावात वेगळाच घोळ. कालिपाचं ऐकून बायकांनी ठरवलं की शहरातल्या त्या फोटोच्या नळीत डोकं घातलं की नावं सुटून बाहेर पडतात. एका आठवड्यात सगळ्या गळाल्या. एकीने तर मला दारातूनच सुनावलं, "बुरुल, माझ्या सासऱ्यांना चाळीस वर्षं गिळून बसलेय मी. तुझ्या यंत्राने ओकायला लावशील."

मी काय ऐकून घेते? म्हटलं, "पोट साफ होईल तुझं." मग आत घुसले, तिच्याच घरची भाकरी मोडून खाल्ली, आणि विचारलं, "सगळ्यांच्या आधी त्या नळीत कोण गेलं होतं? मी. तुमची भीती जावी म्हणून. आता मला विचार, माझ्या सासऱ्यांचं नाव काय? माझ्या नवऱ्याचं काय? घेतलं का मी? घेईन का?" ती हसायला लागली. घरोघर हेच केलं. एकेक परत आली. अभ्यास आज माझ्या जिभेवर उभा आहे म्हण ना.

आयपेरीला मी आपांचं काही सांगितलं नाही. तू ये आणि तूच सांग.

तुझी वहिनी


कोक-जार, २० डिसेंबर

एर्के,

हिवाळ्याचं मांस झालं. घोडी कापली, चांगली चरबी निघाली. तुला पाठवणार होते पण दामिराचा विमानवाला भाऊ म्हणतो एवढं नेता येत नाही.

तू मला भित्री म्हणशील. म्हण. मी दवाखान्यात मेलेली माणसं धुतली आहेत, मी भुताखेतांना भिणारी बाई नाही. आयपेरीला अखेर सगळं सांगितलं. तिने शांतपणे समजावलं की या आजारात काहींना नसलेली माणसं दिसतात, आणि जुनं पाठ असलेलं शेवटपर्यंत टिकतं. "भिऊ नका, बुरुल-मावशी. भांडूही नका त्यांच्याशी. चहा मागितला तर द्या." चांगलं सांगितलं. मी तेच करत होते की.

पण मग मी कालिपाला घ्यायला तिच्या घरी गेले. ती खिडकीशी बसली होती. तिच्या खिडकीतून आपलं अंगण दिसतं. म्हणाली, "तुमच्याकडे गर्दी झालीय गं. किती घोडे बांधलेत."

"कुठे गर्दी? आम्ही तिघंच आहोत."

"तो लंगडा कोण? त्याला उतरायला कुणी हात दिला नाही. तुझी सासू कशी काय विसरली?"

मी तिला आपांचं काही बोलले नव्हते. गावात कुणालाच बोलले नव्हते. आयपेरीला विचारलं, दोघींना एकच माणूस कसा दिसतो? ती म्हणाली, गाव लहान आहे, गोष्टी सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेल्या असतात. असेल. तिच्या तोंडावरून तिलाही फारसं पटलेलं दिसलं नाही.

परवाच्या गुरुवारी तुझ्या दाढीवाल्या आजोबांचं नाव झालं. काल, गुरुवार नसताना, तुझ्या वडिलांचं. आपांनी त्यांच्या संसारात ते नाव एकदाही घेतलं नव्हतं. काल असं घेतलं की जणू रोजचंच. मग हसल्या गं. लाजून हसल्या. मी आपांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हातपाय गार पडले, दोन्ही एकदम.

कारण तूच मोज. घोड्यांवाल्यांपासून खाली उतरत उतरत तुझ्या वडिलांपर्यंत आलं. त्यांच्या खाली कोण? त्यांच्या खाली जिवंत माणूस आहे. माझा नवरा आहे.

आई मुलाचं नाव घेतेच, त्यात काय, असं तू म्हणशील. पण तुला माहीत आहे, आपा त्याला कायम "बाळ" म्हणतात. आता तो सकाळी ट्रकची किल्ली हातात घेतो, खिंडीकडे बघतो आणि किल्ली परत खिळ्याला लावतो. मला म्हणतो, "बर्फ आहे." रस्ता कोरडा ठणठणीत आहे.

तू ये. आता सोबतीण म्हणून नाही तर नुसतीच ये.

वहिनी


कोक-जार, १८ जानेवारी

एर्के,

हे पत्र मिळालं की एक ओळ लिही. एकच. शिवी लिहिलीस तरी चालेल.

काल आपांनी पुढचं नाव घेतलं. तुझ्या दादाचं नाही. तुझं.

आम्ही जेवत होतो. आपांनी पेला भरला, मानाच्या जागेपुढे नाही, दाराशी ठेवला, जिथे तू बसायचीस. आणि तुझं नाव घेतलं. म्हणाल्या, "पोरी, किती उशीर केलास. हात बघ कसे गारठलेत."

तुझा दादा चमचा टाकून उठला. मला वाटलं आता आईवर ओरडतो. तो बाहेर गेला, लाकडं फोडत बसला. बराच वेळ ठकठक चालू होती. मग आत आला, बोर्सोकची परात उचलली आणि त्या पेल्याजवळ नेऊन ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिला फोन लाव."

लावला. लागत नाही. दामिरालाही लावला, ती म्हणते तू जुनी खोली सोडलीस, कारखान्यातही दिसत नाहीस. एर्के, त्या रांगेत आजवर जी नावं आली ती सगळी मेलेल्यांची होती. मी सरळ विचारते, मला वळणं घेता येत नाहीत. तू जिवंत आहेस ना?

सकाळी कालिपाकडे मुद्दाम गेले. काय विचारू कळेना, म्हणून नुसतं विचारलं, "आमच्याकडे कोण कोण आहे?" ती खिडकीतून बघत म्हणाली, "तेच सगळे. पुरुषांत एक बाई पण आलीय आता. पाठमोरी आहे, तोंड दिसत नाही."

 तिच्या सुनेने पाणी दिलं.

लिही गं. देवाशपथ लिही.

वहिनी


कोक-जार, ६ फेब्रुवारी

एर्के, बाई माझ्या,

तुझी तार मिळाली. "जिवंत आहे. छातीत कफ होता, दवाखान्यात होते." बस. मी ती पुन्हा पुन्हा वाचली, मग तुझ्या दादाला दिली. तो ती घेऊन गोठ्यात गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते आणि म्हणे गवताची धूळ गेली. गवताची धूळ!

म्हणजे आपा मेलेल्यांनाच बोलावतात असं नाही, ज्यांची वाट बघतात त्यांना बोलावतात. मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. मीच मूर्ख. आयपेरी हसली, म्हणाली, "मावशी, तुम्ही झोपा जरा."

आपांचं नाव अभ्यासातून अजून कमी केलेलं नाही. आयपेरीने मुदत वाढवून घेतली, वसंतातल्या तपासणीपर्यंत. तुझ्या दादाने काल मला विचारलं, बर्फ वितळल्यावर येकातेरिनबुर्गहून ओशची गाडी येते की नारिनची. त्याला चांगलं माहीत आहे कुठली येते. ये म्हणायची त्याची ती पद्धत.

अंगात ताकद आली की ये.

तुझी वहिनी


कोक-जार, २३ मार्च

प्रिय साल्किन,

बर्फ खिंडीपुरतंच उरलंय. नव्या वर्षाचा नोरूझ छान झाला. मुकाशने पहाटे आर्चाच्या फांद्या पेटवून घरभर धूर फिरवला, अगदी इसाबेक फिरवायचे तसा, आधी दार मग कोपरे. मोठ्या कढईत नोरूझची पेज शिजवली, अर्धं गाव जेवून गेलं. मुकाश तुझं तिकीट काढायला निघाला होता, मी म्हटलं आधी तिला विचार तरी. आपा मजेत आहेत. आता त्या कुणाचंच नाव घेत नाहीत. नुसत्या बसतात, आणि मी पेले भरते. पूर्वी सांगावं लागायचं, आता मला आपोआप कळतं किती भरायचे.

काल कालिपाला तपासणीला आणायला गेले. एवढे महिने झाले तरी तिला गाडीत बसवणं म्हणजे उंटाला पलंगावर झोपवणं. खिडकीपासून हलेना. म्हणाली, "ती बाई वळली काल. तोंड दिसलं."

मी म्हटलं, "हो का? कशी दिसते आमची लाडोबा?"

"लाडोबा कुठली? तू आहेस ती."

"कालिपा, मी तुझ्यासमोर बसलेय ना?"

तिने माझा गाल चाचपून बघितला. "इथे पण बसलीयस," म्हणाली.

मी हसले. तपासणीला सगळ्या बायका आल्या, एकही गळाली नाही. इसाबेक असते तर म्हणाले असते, सुनेने मेंढरं बरी राखलीत.

इथवर लिहिलं, चहा प्यायले आणि सवयीने पत्र पहिल्यापासून वाचलं.

वर बघ. पहिली ओळ बघ. तुझं नाव. मग खाली तुझ्या दादाचं. एकदा नाही, दोनदा. आणि तुझ्या वडिलांचं, तेही दोनदा. अक्षर माझंच आहे. हात अडला नाही, अंगावर काटा आला नाही, लिहिताना मला काहीच वाटलं नाही. आत्ता काटा आलाय. मागे वळून बघवत नाहीये, कारण मानाची जागा माझ्या पाठीमागे आहे आणि तिथे मी किती पेले ठेवलेत ते मला आठवत नाही.

खोडायला पेन टेकवलं, पण खोडलं नाही. तुला दिसू दे.

घरोघर जाऊन मीच सांगत होते ना, बघा, मी घेतलं का नाव? घेईन का? त्या माझ्या जिभेवर विश्वास ठेवून परत आल्या. त्यांना अजून कळलेलं नाही. आयपेरीला उद्या सांगेन. सगळ्यांना सांगत आले, लवकर कळलेलं बरं असतं. स्वतःला सांगून बघितलं, काही बरं वाटत नाही. मला भीती वाटते, एर्के.

मी पण अभ्यासातच आहे, सगळ्यांच्या आधी गेलेली. मलाही सोबतीण लागणार. तुझा दादा खोटं बोलेल, म्हणेल माझ्या बायकोला काही झालेलं नाही. खरं सांगणारी तूच आहेस. मी या घरात आले तेव्हा मला पडद्याआड बसवलं होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तू पडद्याखालून सरपटत आत आलीस, दोन वेण्या, हातात बोर्सोक. माझ्या कानाला तोंड लावून एकेक नाव सांगितलंस, घोड्यांवाल्यांपासून तुझ्यापर्यंत. म्हणालीस, ही नीट पाठ कर वहिनी, म्हणजे चुकूनही घेणार नाहीस.

आपांसाठी ये म्हणत होते. आता माझ्यासाठी ये. माझ्याजवळ बस आणि ती नावं परत एकदा कानात सांग, कुठली घ्यायची नाहीत ते.

तुझी वहिनी,
बुरुल